अकरा एकांची संख्या

मराठी वाचायला मी शाळेत शिकलो नाही. बालाघाटच्या शाळेत सगळं हिंदीत होतं. मराठी मला पत्रकांनी शिकवली. छप्पन सालानंतर वडील नागपूरला जाऊन आले की त्यांच्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा असे. पातळ गुलाबी कागद, कडेला पसरलेली शाई. दुपारी मोहल्ल्यातली बायामाणसं सुपात तेंदूची पानं घेऊन बिड्या वळायला बसत आणि वडील मोठ्याने वाचत. जो वाचेल त्याच्या वाट्याच्या बिड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या, कोणी पाच, कोणी दहा, असा आमच्याकडे रिवाज होता. पुढे वडिलांची नजर अधू झाली आणि वाचण्याचं काम माझ्याकडे आलं. वाचता वाचता मी लिहायला लागलो. छापलेलं वाक्य खोटं असू शकतं, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी सांगतोय ती गोष्ट त्यानंतर दहाबारा वर्षांनी घडली. आमच्या मोहल्ल्यात अकरा घरं होती. मोहल्ल्याच्या कडेला एक पडीक जागा होती, तिथे आम्हाला वाचनालयाची एक खोली बांधायची होती. त्याच जागेवर एका जुन्या मालगुजाराला, म्हणजे गावच्या जमीनदाराला, आपल्या बैलगाड्या उभ्या करायच्या होत्या. मालगुजारी कायद्याने कधीच गेली होती, पण तो अजून मालगुजारच म्हणवून घेत होता. तो एकेका घरच्या कर्त्या माणसाला वाड्यावर बोलावू लागला. अकराही घरांनी ठरवलं की एकट्याने कोणी जायचं नाही. मला हे फार आवडलं. मी त्याच आठवड्यात पत्रक लिहायला बसलो.

मला त्यात अशी गोष्ट हवी होती की कोणाला तोंड वर करता येऊ नये. मी अकरा घरांसाठी अकरा एक शेजारी शेजारी मांडले: ११,११,११,११,१११. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. आणि खाली लिहिलं की ही मूळ संख्या आहे, हिचे तुकडे होत नाहीत, तसेच आमचेही होणार नाहीत.

हे मला कसं कळलं होतं? खरं म्हणजे कळलं नव्हतं. दोन एक मांडले की अकरा होतात, अकराला कशाने भाग जात नाही, आणि आम्हीही अकराच. एवढ्यावर माझी खात्री पटली होती. तीन एक मांडले की एकशे अकरा होतात आणि ते तीनने सरळ तुटतात, हे मी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. शंभरापर्यंतच्या ज्या पंचवीस मूळ संख्या आहेत त्यांनी मी एका संध्याकाळी भागून पाहिलं. प्रत्येक वेळी बाकी उरली. हात दुखला. पत्रक ज्या सभेत वाचायचं होतं तिचा दिवस जवळ आला होता. मी लिहिलं: ‘मी स्वतः ही संख्या एक हजारापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहिली आहे.’ आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘जो कोणी हिचे तुकडे करून दाखवील त्याच्यासमोर मी इतवारी बाजारात उभा राहून माझी चूक कबूल करीन.’

मराठी छपाईसाठी गोंदियाला जावं लागे. तिथला खिळे जुळवणारा माणूस माझा कागद पाहून वैतागला.

“भाऊ, एका वळीत एवढे एक? माह्याजवळ मोठे एक नऊच हायत.”

“मंग?”

“दोन लहाने लावतो. नाही तं आकडा बदल.”

“आकडा बदलता येत नाही.”

“काहून? देवाचा हाय का?”

“माणसायचा हाय.”

त्याने दोन लहाने लावले. पत्रक वाचून दाखवलं तेव्हा आमच्या मोठ्या बाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावांनी, कागद हातात घेऊन ते दोन बारके एक बोटाने दाबून पाहिले.

“हे कोन?”

“विहिरीकडचे दोन घरं,” कोणीतरी म्हणालं. “नवीनच लगन झाले हायत. वाढतीन.”

सगळे हसले. संख्या मोहल्ल्याला आवडली. बाया एकमेकींना विचारत, माह्या घराचा एक कोणता? मला वाटलं, पत्रक यशस्वी झालं.

चार दिवसांनी हायस्कूलच्या गणिताच्या सरांनी मला चहाच्या टपरीवर थांबवलं. ते हिंदी बोलणारे, पण मराठी वाचता यायची. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं.

“यह तुमने छापा है?”

“हाँ सर.”

“हज़ार तक भाग देकर देखा?”

“लिखा है ना सर.”

“लिखा तो है. हज़ार के बाद क्या आता है, मालूम है?”

“क्या?”

“एक हज़ार एक.”

टपरीवरची माणसं हसली. सर हसले नाहीत. “मैं नहीं कहता कि टूटेगी,” ते म्हणाले. “मैं इतना कहता हूँ कि तुम्हें मालूम नहीं है.”

मी रागाने घरी आलो. मला ती आमच्या मोहल्ल्याची थट्टा वाटली. मी ते सगळं माझ्या मोठ्या बहिणीला सांगितलं. तिला आम्ही घरात बाई म्हणत होतो. बाई सातवीपर्यंत शिकली होती, गणितात वर्गात पहिली यायची, आणि सातवीनंतर तिच्यापुढे सूप आलं. या संख्येच्या पत्रकाच्या आदल्या वर्षी मी ‘मुलींना शिकवा’ असं पत्रक काढलं होतं. त्याच्या प्रतींना घड्या बाईनेच घातल्या होत्या. त्यात मला काही विचित्र वाटलं नव्हतं, हे आज लिहिताना मला विचित्र वाटतं.

बाईने बिडीला दोरा गुंडाळत सगळं ऐकून घेतलं.

“हजारापर्यंत खरंच भागलं ना तू?”

“हौ.”

“सगळ्या?”

“हौ म्हटलं ना.”

“मंग हजाराच्या पुढचं मी पाहीन. त्या मास्तरले तोंड नाही राहिलं पाहिजे.”

मी तेव्हा खरं सांगू शकलो असतो. अंगणात आम्ही दोघंच होतो. पण मी अशा घरात वाढलो होतो जिथे छापलेलं मागे घेत नाहीत. आणि मला वाटलं, ती आठ दिवसांत कंटाळेल.

ती कंटाळली नाही. ‘मुलींना शिकवा’च्या उरलेल्या प्रती घरात पडून होत्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर ती रोज तीन-चार भागाकार करायची, पानं भिजत घातल्यावर, ती मऊ होईपर्यंत. अकरा आकडी संख्येचा भागाकार कागदाच्या वरून खाली पायऱ्यांसारखा उतरत जायचा. मी कधी कधी डोकावून पाही. महिनाभराने माझ्या लक्षात आलं की ती ओळीने भागतच नाही. पहिला भागाकार एक हजार तेराने. दुसरा एक हजार एकोणऐंशीने. तिसरा अकराशे तेवीसने.

“मधले काहून सोडले?” मी विचारलं.

“मधल्यायनं होत नाही.”

“कोणं सांगतलं तुले?”

“कोणं सांगावं? दिसते ना.”

तिने पाटी घेतली. एकला सातने भागलं. दशांशाचे आकडे येत गेले आणि सहा आकड्यांनंतर तेच पुन्हा सुरू झाले. “पाहा, सहानं फिरून आलं. सातातून एक काढला तं सहा.” मग एकला एक्केचाळीसने भागलं. पाच आकड्यांनंतर फिरून आलं. “एक्केचाळीसातून एक काढला तं चाळीस. चाळीसले पाचनं भाग जाते. अन् पाच एक मांडले तं त्यायले एक्केचाळीसनं भाग जाते. सदतीस घे. तिनानं फिरते. छत्तीसले तिनानं भाग जाते, अन् तीन एकायले सदतीसनं.”

“मंग?”

“मंग अकरा एक ज्यानं तुटतीन, त्याच्यातून एक काढला तं उरलेल्याले अकरानं भाग गेला पाहिजे. अन् सम आकडा तं नाही चालत. म्हणून बावीस-बावीसनं पुढं जायचं. त्यातले तीन, पाच, सातनं जाणारे सोडायचे.”

“पण एकशे अकराले तर तिनानंही भाग जाते. तिनातून एक काढला तं दोन. दोनले कुठं तिनानं भाग जाते?”

तिने पाटीच्या कोपऱ्यात तीन लिहून ठेवले. “तिनाचं वेगळं हाय,” म्हणाली. “काहून वेगळं हाय ते नाही समजलं अजून.”

मला तर काहीच समजलं नाही. एकला भागताना आकडे किती पावलांनी फिरून येतात, याचा आमच्या अकरा घरांच्या संख्येशी काय संबंध? पाटीवर ती दाखवी तेव्हा दर वेळी बरोबर निघे. का बरोबर निघतं हे तिला सांगता येत नव्हतं आणि मला विचारताही येत नव्हतं. आजही मला ते कळलेलं नाही. मी शोषणावर चार पानं एका बैठकीत लिहू शकत होतो, आणि माझी बहीण माझ्यासमोर बसून अशा कशात तरी शिरली होती जिथे मला दारही दिसत नव्हतं.

हिवाळा गेला. तेंदूपत्त्याचा हंगाम आला, बायका लामत्याकडच्या जंगलात पानं तोडायला जाऊ लागल्या. बाई परत आली की हात धुऊन पुन्हा कागदावर. चारशेच्या वर भागाकार झाले होते. एका दुपारी मी घरात शिरलो तर ती नुसती बसलेली. सूप बाजूला, कागद मांडीवर.

“तुटली रे,” ती म्हणाली.

“काय?”

“तुही संख्या. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं. बाकी काहीच नाही उरली. तीन खेपा केलं.”

मी कागद घेतला. पायऱ्या उतरत उतरत शेवटी शून्य. वर उत्तर: पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. दोन्ही आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यांच्यात काही ओळखीचं नव्हतं. सगळे एकच एक असलेल्या संख्येतून हे असे वेडेवाकडे आकडे कुठून आले? आणि कोणत्याही लहान संख्येला दाद न देणारी ती या एकाच कुठल्या आडवाटेच्या आकड्यापुढे कशी उलगडली?

“मी तं तुह्यं खरं करायले बसली होती,” बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बिड्या वळायला सगळे जमले तेव्हा मी वाचायचं ठेवून हे सांगितलं.

“म्हंजे तुटली?” मोठ्या बाबांनी विचारलं.

“तुटली.”

“तुकडे किती?”

“दोन.”

“मंग आमचं घर कोणत्या तुकड्यात?” विहिरीकडची एक बाई म्हणाली. “मोठ्यात ठेव बाप्पा. लहान्यात जागा नाही पुरत.”

“हसून काय राह्यल्या?” मोठे बाबा चिडले. “मालगुजाराले कळलं तं?”

“त्याले पाढे तरी येते का?”

“दोन घरं वाढवू ना,” एक जण म्हणाला. “खालच्या आळीतले दोन येतो म्हणून राह्यले. तेरा एक लिहू.”

बाईने सुपातून मान वर न काढता पाटी ओढली. तेराची दुप्पट सव्वीस आणि एक सत्तावीस, ते सोडलं. दोनदा सव्वीस आणि एक, त्रेपन्न. खालपर्यंत भागत गेली. “तेरा एक त्रेपन्ननंच तुटते,” म्हणाली.

“पहिल्याच धक्क्याले?”

“पहिल्याच.”

“मंग अकराच बरे. पाच महिने तं टिकले.”

आता सगळेच हसले, मोठे बाबासुद्धा. पण हसू ओसरल्यावर ते माझ्याकडे वळले. “बाबू, झालं ते झालं. घरच्या पोरीनं तोडली, घरातच राहू दे. बाजारात जाऊन सांगाचं काही काम नाही.”

“मोठे बाबा, मी लिहून दिलं आहे.”

“लिहिलं तं लिहिलं. कोन मागून राह्यलं तुले?”

“त्यानं छापलं हाय,” बाई म्हणाली. “अन् पाच महिने मी भागलं हाय. ते काय चुलीत घालू?”

मग कोणीतरी विचारलं की त्या दोन तुकड्यांचे आणखी तुकडे होतात का. बाईने लगेच उत्तर दिलं. “नाही होत. झाले असते तं त्यातला लहान तुकडा हजाराच्या आत निघाला असता. अन् हजारापर्यंत सगळं यानं भागलं हाय.” तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातलं पत्रक उलटं करून पाहत राहिलो.

त्या आठवड्यात मला काही सुचेना. एकजूट राखायची तर गप्प बसायला हवं होतं. शब्द राखायचा तर बोलायला हवं होतं. मी आजवर या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात लिहीत आलो होतो. आणि दोन्हींच्या खाली तिसरीच गोष्ट होती, जी मोहल्ल्याला माहीत नव्हती, मालगुजाराला नव्हती, बाईलाही नव्हती. मी स्वतःला समजावत होतो की चूक कबूल करणार आहे ना, मग पंचवीस की हजार याने काय फरक पडतो.

रविवारी मी बाजारात गेलो. बाई बरोबर आली. मोठे बाबाही आले, पण जरा दूर, भाजीच्या पाट्यांमागे उभे राहिले. मी चबुतऱ्यावर चढून हिंदीत सांगितलं की अमुक पत्रकात मी एक संख्या अभाज्य आहे असं लिहिलं होतं, ते चुकीचं होतं, माझ्या बहिणीने ती तोडून दाखवली आहे. एका माळणीने विचारलं, काय विकतोय हा? पंधरावीस माणसं थांबली, त्यांत गणिताचे सर होते. मी त्यांना आदल्या दिवशी निरोप दिला होता.

त्यांनी खडू मागून घेतला आणि चबुतऱ्याच्या फरशीवर दोन्ही आकडे मांडून गुणाकार केला. मध्ये एकदा हातचा विसरले. बाईने वाकून बोट ठेवलं, त्यांनी मुकाट्याने दुरुस्त केलं. बेरीज करताना उजवीकडून एक, एक, एक येत गेले. अकरा एक पूर्ण झाले तेव्हा सर उठले, हात झटकले आणि बाईला म्हणाले, “शाबाश. कहाँ से शुरू किया था?”

“एक हज़ार तेरह से.”

“उसके पहले?”

“उसके पहले का भाऊने किया है.”

सर माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. “किया है ना?”

बाई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती, आणि म्हणूनच मला हो म्हणता आलं नाही.

“सौ तक किया है, सर,” मी म्हणालो. “पच्चीस संख्याएँ.”

“और लिखा हज़ार?”

“हाँ.”

सरांनी फरशीवरच्या दोन तुकड्यांपैकी मोठ्या तुकड्याभोवती खडूने एक गोल काढला. “तो यह टुकड़ा साबुत है कि नहीं, यह कोई नहीं जानता,” ते म्हणाले. ते मला नाही, बाईला सांगत होते. तिला ते त्यांच्याआधी समजलं होतं. पाच लाखांचा तो आकडा तुटत असेल तर त्याचा लहान तुकडा सातशेसोळाच्या आत असणार होता, कारण सातशे सतराचा वर्गच त्याच्या पुढे जातो, आणि शंभर ते सातशेसोळा या टप्प्यात कोणीच काही भागलं नव्हतं. तो टप्पा माझ्या एका वाक्याने झाकला होता. बाईने पाच महिने त्या वाक्यावर पाय ठेवून पुढे भागाकार केले होते.

लोक पांगले. मी मोठ्या चुकीच्या कबुलीची तयारी करून आलो होतो, भाषणही जुळवलं होतं. ते सगळं राहून गेलं. घरी जाताना बाई पुढे चालत होती. मोठे बाबा तिच्याबरोबर होते. मोहल्ला येईपर्यंत ते एवढंच म्हणाले, “वाचणाऱ्यासाठी आम्ही बिड्या वळून देत होतो बाबू. वाचणारा खरं वाचते म्हणून.”

त्या जागेचा निकाल लागायला पुढे बरीच वर्षं गेली आणि त्यात माझ्या पत्रकाचा काही हात नव्हता.

घरी आल्यावर बाईने एका कागदावर आकडे लिहिले. बावीस-बावीसच्या अंतराने, तुटणारे गाळून. एकशे नव्व्याण्णव, तीनशे एकतीस, तीनशे त्रेपन्न, तीनशे सत्त्याण्णव, चारशे एकोणीस, चारशे त्रेसष्ट, सहाशे सतरा, सहाशे एकसष्ट, सहाशे त्र्याऐंशी. नऊच होते. तिने कागद माझ्यासमोर सरकवला.

“तू कर.”

मी अंगणात बसून केले. एकशे नव्व्याण्णवने भागलं, बाकी अठरा. तीनशे एकतीसने, बाकी एकशे एकोणनव्वद. मी सावकाश करत होतो, प्रत्येक वजाबाकी दोनदा. सहाशे त्र्याऐंशीला बाकी तीनशे सहा उरली. नऊही संपले आणि आकडा तुटला नाही. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. सगळं मिळून तासदीड तासाचं काम होतं.

“नाही तुटत,” मी म्हणालो. “साबूत हाय.”

बाईने माझा कागद घेतला, वरून खाली पाहिला आणि बाजूला ठेवला. मग कोरा कागद ओढून तिने वर एकशे नव्व्याण्णव लिहिलं आणि पहिल्यापासून भागायला सुरुवात केली.